नोटरीचं अ‍ॅग्रीमेंट असलं म्हणून काही डिपॉझिट बुडत नाही

पत्र:

ताई नमस्कार, मी आणि माझी मैत्रीण वाकडला एका टूबीएचकेत १९ महिने राहिलो. भाडं २४ हजार, डिपॉझिट १ लाख. त्यातले ७५ हजार मी बँकेतून ट्रान्सफर केले आणि २५ हजार ओनर काकांनी कॅश मागितले, ते ब्रोकरसमोर दिले पण पावती घेतली नाही. पहिलं ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होतं, त्यात डिपॉझिट ७५ हजारच लिहिलंय. दुसऱ्या वेळी काका म्हणाले परत कशाला खर्च, ५००च्या बाँडवर नोटरी करून टाकू, आणि आता भाडं तीन-तीन महिन्यांचं आगाऊ देत जा. आम्ही दिलं. मैत्रिणीची बदली झाली म्हणून एक महिन्याची नोटीस ईमेलवर देऊन आठवा महिना संपताना फ्लॅट सोडला, म्हणजे नवव्या महिन्याचं भाडं त्यांच्याकडे आधीच गेलेलं. आता अडीच महिने झाले. काका म्हणतात पेंटिंगचे २४ हजार, डीप क्लीनिंगचे ७ हजार, ट्रॉली आणि जाळीचे ६ हजार कापणार, आगाऊ भाडं लॉक-इनमध्ये गेलं, कॅशबद्दल विचारलं तर ‘कुठले २५?’. उरलेले ३८ हजार नवीन भाडेकरू आला की देणार. मी कोर्टाचं बोलले तर म्हणाले ‘तुमचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच नाही, खुशाल जा’. खरंच आमची केस बाद आहे का? (खरं सांगायचं तर टीव्हीसाठी भिंतीला चार भोकं आम्ही पाडलीत आणि बेडरूमची जाळी मांजरीने फाडली.)

उत्तर:

अगं, आधी काकांच्या त्या ‘रजिस्टरच नाही, खुशाल जा’ वाक्याचं बोलू, कारण तिथेच तू घाबरलीयेस आणि घाबरायचं कारण अजिबात नाही. काका जे म्हणाले ते बरोबर उलटं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याचं कलम ५५ एकदा शांतपणे वाच, छोटंसंच आहे. त्यात म्हटलंय की भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी), तो लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची नाही. मालकाने ते केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तुझ्या कामाचं वाक्य पुढेच आहे, रजिस्टर करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे लॉक-इन (तेवढे महिने घर सोडायचं नाही ही अट) ११ महिन्यांचा होता की नव्हता, नोटीस किती दिवसांची होती, आगाऊ भाडं कशासाठी होतं, या सगळ्यावर तुझं म्हणणं आधी धरलं जाणार आणि ते खोडून काढायचं ओझं काकांवर. त्यांनी हजारभर रुपये रजिस्ट्रेशन फी वाचवायला जो शॉर्टकट मारला तो त्यांच्याच अंगाशी येणार आहे.

‘११ महिन्यांचं असेल तर नोटरी चालते’ हे आपल्याकडे इतकं पसरलंय ना की ब्रोकरसुद्धा छातीठोकपणे सांगतात. तो नियम रजिस्ट्रेशनच्या केंद्रीय कायद्यातला, वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्यासाठी. महाराष्ट्रात ५५ कलम आल्यापासून महिन्यांचा प्रश्नच उरलेला नाही, पाच महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करायचं. हां, एक अडचण येऊ शकते, नोटरीचा कागद कोर्टात दाखवायचा तर त्यावर स्टँप ड्यूटी पुरेशी आहे का ते बघतात आणि कमी असेल तर फरक आणि दंड भरावा लागतो. तुमच्या केसमध्ये ड्यूटी ७०० रुपयांच्या आत बसते, ५०० भरलेत, म्हणजे फरक शे-दोनशेचा, त्यासाठी झोप उडवायची गरज नाही.

आता डिपॉझिट. इथे तुला जरा वाईट वाटेल असं सांगते, महाराष्ट्रात घराच्या डिपॉझिटला कायद्याने वरची मर्यादा नाही. दोन महिने घ्या, सहा महिने घ्या, मुंबईत हेवी डिपॉझिट घेऊन भाडं शून्य ठेवा, दोघांना मान्य असेल ते चालतं. किती दिवसांत परत द्यायचं याची तारीखही कायद्यात लिहिलेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट आणला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं इतकंच डिपॉझिट आणि जागेचा ताबा घेतला त्याच दिवशी रास्त कपात करून परत, असं स्वच्छ लिहिलंय. पण तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. उत्तर प्रदेशने त्या धर्तीवर स्वतःचा केला, तमिळनाडूत आधीपासूनच तीन महिन्यांची मर्यादा आहे, आपल्याकडे मात्र १९९९चाच कायदा चालू आहे. मला हे मनापासून खटकतं, कारण पुण्यात पहिली नोकरी लागलेली मुलं घरून उधार आणून डिपॉझिट भरतात आणि तेच पैसे अडकले की पुढचं घर घ्यायला परत उधार. पण कायद्यात तारीख नाही म्हणजे मालक कधीही देऊ शकतो असं होत नाही हं! करारात जे लिहिलंय ते दोघांवर बंधनकारक, आणि काही लिहिलं नसेल तर ताबा परत मिळाला की डिपॉझिट परत द्यायचं, कारण ज्या कामासाठी ते ठेवून घेतलं ते काम संपलं. तू पाठवलेल्या पहिल्या अ‍ॅग्रीमेंटच्या फोटोत कलम दिसतंय, ‘लायसन्सीने जागेचा रिकामा ताबा देताच लायसन्सर थकबाकी वजा करून अनामत रक्कम बिनव्याजी परत करेल’. लायसन्सी म्हणजे तुम्ही, लायसन्सर म्हणजे काका. नवीन भाडेकरू आल्यावर असं कुठेय त्यात? कुठेच नाही. नोटरीच्या कागदात ‘डिपॉझिट व इतर अटी पूर्वीप्रमाणे’ असं एकच वाक्य आहे, म्हणजे हेच कलम पुढे चालू.

‘नवीन भाडेकरू आला की देतो’ याचा सरळ अर्थ काकांनी तुमचे पैसे कुठेतरी वापरलेत आणि आता पुढच्याच्या डिपॉझिटमधून तुमचं भागवायचंय. त्यांची अडचण खरी असेल, माणूस वाईट असेलच असं मी म्हणत नाही, पण ती अडचण त्यांनी सोडवायची. तुझे पैसे त्यांच्याकडे ठेव म्हणून होते, फ्लॅट रिकामा राहण्याची जोखीम तू कशाला उचलायची?

कपातीकडे येऊ. पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत पुण्यात खूप ठिकाणी आहे हे खरंय, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं स्पष्ट लिहून सही केली असती तर मी तुला सांगितलं असतं की बाई हे गेले. पण तुमच्यात लिहिलेलं नाही. तुमच्यात लिहिलंय की ‘नैसर्गिक झीज वगळता’ जागा होती त्या स्थितीत परत करायची. १९ महिने दोन माणसं राहिल्यावर भिंतीचा रंग थोडा उतरणं, सोफ्यामागे डाग पडणं, गॅसच्या मागे टाइल्स पिवळट होणं हीच ती नैसर्गिक झीज. पुढच्या भाडेकरूला दाखवायला मालक रंग देऊन घेतात तो त्यांचा खर्च. आणि मगाशी म्हटलं त्या मॉडेल अ‍ॅक्टच्या शेवटी एक यादी आहे, कोणती दुरुस्ती कुणी करायची, त्यात भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या बाजूला टाकलाय. नळ, वॉशर, गीझर, स्विच-सॉकेट, कडी-कुलपं, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूच्या बाजूला. आपल्याकडे ती लागू नाही त्यामुळे कोर्टात कायदा म्हणून मांडू नकोस, पण बोलणी करताना दाखवायला एकदम चांगली, कारण केंद्र सरकारने रास्त काय मानलंय ते त्यात दिसतं.

तर त्या यादीच्या मापाने बघितलं तरी जाळी तुमची. मांजरीने फाडली ना, मग ती झीज नाही, ते नुकसान, जाळीवाल्याचं बिल मागायचं आणि तेवढे द्यायचे. टीव्हीची चार भोकं बुजवून तेवढ्याच पट्ट्याला टचअप, तेही तुमचं, पण चार भोकांसाठी दोन बेडरूम, हॉल आणि किचन रंगवायचे पैसे नाहीत. ट्रॉलीचं चॅनल तुम्ही यायच्या आधीपासून अडकत होतं असं तू लिहिलंयस आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचा व्हिडिओ काकांना पाठवलाय, तो व्हिडिओ सोन्यासारखा जप. डीप क्लीनिंगचे ७ हजार हे नुसतं तोंडी सांगून होत नाही, कुणी केलं, कधी केलं, बिल कुठेय. भरपाईचं तत्त्व भारतीय करार कायदा १८७२च्या कलम ७३ आणि ७४ मध्ये आहे, ७३ म्हणतं करार मोडल्यामुळे जे खरं नुकसान झालं तेवढी भरपाई, आणि ७४ म्हणतं करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती वरची मर्यादा, मिळायची ती रास्त भरपाईच. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे परत ठळक केलं, की नुकसान झालेलंच नसेल तर नुसती रक्कम जप्त करता येत नाही. केस जमिनीच्या लिलावाची होती, दिल्लीची, पण तत्त्व भाड्याच्या घरालाही तितकंच लागतं आणि वकील मंडळी ते वापरतात.

आगाऊ भाड्याचं मात्र मला जास्त सांगायचंय कारण इथे बहुतेक लोक गोंधळतात. डिपॉझिट आणि आगाऊ भाडं ही दोन वेगळी खाती आहेत, एकत्र कधीच करायची नाहीत. डिपॉझिट ही ठेव, त्यातून नुकसान किंवा थकबाकी वजा होऊ शकते. आगाऊ भाडं हे पुढच्या ठराविक महिन्यांच्या राहण्याचे पैसे. नववा महिना तुम्ही राहिलाच नाहीत, रीतसर एक महिन्याची नोटीस देऊन, चावी देऊन, आठव्याच्या शेवटी बाहेर पडलात. मग त्या २४ हजारांच्या बदल्यात काकांनी काय दिलं? काहीच नाही, फ्लॅट त्यांच्या ताब्यात होता. ते पूर्ण परत मागायचे. आता ते म्हणतील लॉक-इन होता. पहिल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लॉक-इन सहा महिन्यांचा होता आणि तो केव्हाच संपला, दुसऱ्याही वेळी ‘पूर्वीप्रमाणे’ म्हणून सहाच धरला तरी तुम्ही आठ महिने राहिलात. तोंडी ११ महिने ठरलं होतं म्हणतात, तर लेखी कागदाच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं कोर्ट सहसा धरत नाही हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे, आणि कागद रजिस्टर नाही म्हणून बाजूला ठेवला तरी मग ५५ कलम लागतं आणि तुझं म्हणणं आधी. दोन्हीकडून तुझीच बाजू भक्कम आहे.

२५ हजार कॅश. हा अवघड भाग, खोटी आशा लावत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण त्यातून मिळतं काय ते बघ. लीव्ह अँड लायसन्सवर स्टँप ड्यूटी पाव टक्का असते, एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. म्हणजे २५ हजारांवर ११ महिन्यांचं असं व्याज साधारण २,२९२ रुपये आणि त्याचा पाव टक्का म्हणजे जेमतेम सहा रुपये. सहा रुपये! तेव्हा ड्यूटी वाचवायला रक्कम कमी दाखवली हे कुणी सांगितलं तर मुळीच ऐकायचं नाही, पूर्ण डिपॉझिट कागदावर यावं असा आग्रह धरला तर खर्च चहाच्या पैशाइतकाही वाढत नाही. आणि त्याच भाडे कायद्यात कलम ३१ आहे, मालकाने मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती द्यायचीच, नाही दिली तर दंड.

पण झालं ते झालं, आता पुरावा गोळा कर. त्या दिवशी एटीएममधून किंवा बँकेतून काढलेल्या पैशांची एंट्री, काकांशी आणि ब्रोकरशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ‘डिपॉझिट १ लाख’ असा उल्लेख असलेली ब्रोकरची जाहिरात किंवा मेसेज, मैत्रिणीला तेव्हा ‘२५ कॅश दिले’ असं लिहिलेलं काही. स्क्रीनशॉट काढून फोन फॉरमॅट मारू नकोस, मूळ फोन जपायचा, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, वकील करून देतात. आणि ब्रोकरला आत्ता लगेच एक साधा मेसेज कर, ‘दादा, त्या दिवशी तुमच्यासमोर काकांना २५ हजार कॅश दिले होते, त्यांना आठवत नाहीये, तुम्ही जरा सांगाल का’. भांडणाच्या सुरात नको, तो ‘हो सांगतो’ म्हणाला तरी तुझं मोठं काम झालं. डिपॉझिट किती होतं हीसुद्धा अटच आहे, त्यामुळे दुसऱ्या, रजिस्टर नसलेल्या कराराच्या काळासाठी ५५ कलमाचा आधार इथेही मागता येईल असं माझं मत आहे, फक्त पहिल्या रजिस्टर कागदावर ७५ लिहिलंय हे काका दाखवणार, तेव्हा बाकी पुरावा हवाच.

मग करायचं काय. फोनवर बोलणं बंद, सगळं लेखी. एक पत्र लिही, दोघींच्या सहीने, कारण अ‍ॅग्रीमेंट दोघींच्या नावावर आहे, एकटीने पाठवलं तर उद्या ‘दुसरीचे पैसे दुसरीला देईन’ सुरू होतं. त्यात हिशोब मांड, डिपॉझिट १ लाख, न वापरलेलं आगाऊ भाडं २४ हजार, एकूण १ लाख २४ हजार, वजा जाळी आणि टचअपचे बिलाप्रमाणे पैसे, उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत या खात्यावर. स्वतःहून जाळीचे पैसे वजा दाखवलेस ना की वाचणाऱ्याला, मग तो उद्या जज का असेना, कळतं की ही मुलगी सरळ बोलतेय. ईमेल कर आणि पोस्टाने पोच मिळेल असंही पाठव. आणि एक वाक्य नक्की घाल, की त्या तारखेनंतर रकमेवर व्याज मागणार. डिपॉझिट करारात बिनव्याजी असतं ते ताबा देईपर्यंत, पुढचं नाही, आणि १९७८च्या व्याज कायद्याप्रमाणे व्याज मागणार अशी लेखी सूचना दिली असेल तर त्या तारखेपासून व्याज लावायचा अधिकार कोर्टाला आहे, म्हणून हे वाक्य पहिल्याच पत्रात हवं. कलम ५५चा उल्लेख शेवटी एका ओळीत कर, जेलची धमकी वगैरे नको, फक्त ‘करार नोंदवण्याची जबाबदारी आपली होती’ एवढंच, समजणाऱ्याला समजतं.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. आता तू म्हणशील वकिलाचे पैसे कुठून आणू, तर ऐक, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही दोघीही त्यात बसता, पगार कितीही असो! शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जा, किंवा आधी १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून विचार. तिथेच ‘दाखलपूर्व’ म्हणून अर्ज करता येतो, म्हणजे केस न टाकता काकांना बोलावून लोक अदालतीत मिटवायचा प्रयत्न, फी नाही, आणि तिथे तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, त्यावर अपील नाही. डिपॉझिटच्या भांडणांना हा रस्ता मला सगळ्यात आवडतो, कारण कोर्टाच्या शिक्क्याचं पत्र घरी आलं की पुष्कळ मालक स्वतःहून फोन करतात. तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते, काका आलेच नाहीत किंवा नाहीच म्हणाले तर मग दिवाणी दावा, कुठल्या कोर्टात आणि समरी सूट (लवकर निकाली निघणारा वसुलीचा दावा) करायचा का साधा ते वकील कागद बघून सांगेल. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तुझे अडीच महिनेच झालेत, घाई नाही पण वर्षभर नुसतं ‘काका कधी देताय’ करत बसू नकोस. पोलीस स्टेशनला जाऊ नको असं म्हणत नाही, पण ते बहुतेक दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतील, त्यात एक रविवार जाईल.

ज्यांनी अजून घर सोडलेलं नाही अशांचेही मेसेज येतात, की डिपॉझिट मिळेपर्यंत फ्लॅटच सोडत नाही. असं करू नका हो. लायसन्सची मुदत संपल्यावर थांबलात तर त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ मध्ये दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे, म्हणजे २४ हजारांच्या घराचे महिन्याला ४८ हजार, डिपॉझिट बघता बघता त्यातच जाईल. शेवटचे महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकाकडून ‘हो’ असा लेखी मेसेज घेऊनच करा, नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता. चावी देताना मात्र मालकाला समोर उभं करून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटर रीडिंगचा फोटो, आणि ‘ताबा मिळाला’ अशी तारखेसकट एक ओळ सहीने किंवा मेसेजवर.

तुझ्याकडे ती ओळ आहे, काकांचा ‘चावी मिळाली, ओके’ असा मेसेज तू पाठवलायस, तारीख स्पष्ट दिसतेय, तो पत्राला जोड. महावितरणचं शेवटचं बिल आणि सोसायटीचं काही बाकी असेल तर आधी भरून त्याच्या पावत्याही जोड, म्हणजे थकबाकीच्या नावाखाली कापायला काही उरत नाही. पत्राचा ड्राफ्ट झाला की पाठवायच्या आधी मला टाक, मी वाचून देते.